विसर्जनाची माती जाते कुठे?

डिचोलीची नदी मांडवीला मिळते. पेडणेकरांकडे शापोरा आणि तेरेखोल. भाद्रपदात या खाड्यांत वर पावसाचे गोडे पाणी, खाली भरतीचे जड खारे पाणी. मूर्तीची माती आणि खाणींचा लाल गाळ याच थरांतून खाली उतरतात. दहापट बारीक कणाला तळ गाठायला शंभरपट वेळ लागतो. पण खारे पाणी लागले की बारीक कण एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होऊन भराभर बसतात. पुढे पाऊस ओसरला की भरती-ओहोटी दोन्ही पाणी घुसळते, गाळ पुन्हा उठतो. म्हणजे सगळा काही समुद्रात जात नाही. बराचसा खाडीतच, आपल्या तिसऱ्यांच्या अंगावर. माती निदान सुटी तरी होते. प्लास्टर? बंदी असूनही ओहोटीला काठावर काय दिसते, ते आपण पाहतोच. आम्ही यंदाही चित्रशाळेत मातीचीच मूर्ती सांगितली आहे.