स्वागताध्यक्षांचे भाषण : मिरजनगरीत आपले स्वागत



‘तरुणांमधील हृदयविकार’ या परिषदेसाठी आलेल्या आपणा सर्वांचं मिरजेत मनापासून स्वागत. मी धान्याचा व्यापारी. डॉक्टरांच्या परिषदेला स्वागताध्यक्ष म्हणून मीच का, ते संयोजकांना ठाऊक. मंडपवाला माझ्या ओळखीचा आहे, एवढं खरं.

मिरजेला डॉक्टर नवे नाहीत. कॅनडातून आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या खटपटीतून इथं १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभं राहिलं, आणि ‘मिरजेला न्या’ हा दुखणाइताच्या घरातला शेवटचा सल्ला ठरला. २०१६ च्या उन्हाळ्यात तहानलेल्या लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तेही आमच्याच जंक्शनवरून.

पण मला खरं सांगायचंय ते फरीदसाहेबांबद्दल. घराणं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारांना धार लावणारं. राज्यं गेली, तलवारींची गिऱ्हाइकं आटली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात या माणसानं सतारी-तंबोऱ्यांना हात घातला. त्याच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला आज भौगोलिक मानांकन आहे. पंढरपूरकडचा भोपळा सुकवून, कापून, त्यावर लाकडी तबकडी बसते. मग कारागीर घोडीवर तारेखाली दोऱ्याचा तुकडा केसभर मागं-पुढं सरकवत बसतो आणि एका जागी तार अचानक बोलू लागते. हृदयाचं तरी काय वेगळं आहे, डॉक्टरसाहेब? दुपारी वेळ काढून सितारमेकर गल्लीत जाऊन याच. फरीदसाहेबांचं नाव गावातल्या पोरांनाही ठाऊक नाही, याची मला खंत आहे.

थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मूळचे कैरान्याचे, पण स्थायिक झाले इथंच. १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात प्रकृती बिघडली म्हणून ते गाडीतून उतरले आणि फलाटावरच गेले. ते साठीपुढचे, म्हणजे आपल्या विषयात बसत नाहीत. पण मिरजेत हृदयाबद्दल बोलायचं आणि खाँसाहेबांचं नाव घ्यायचं नाही, हे व्हायचं नाही.

विषयाबद्दल मी काय बोलणार! आमच्या यार्डातला पस्तिशीचा तोलाईवाला छाती चोळत बसला होता. कुणी सोडा दिला, कुणी ओवा. वयाकडे पाहून ईसीजीचं कुणाच्या मनातही आलं नाही. घाम फुटला तेव्हा टेम्पोत घालून नेला, वाचला. आपल्याकडं हा झटका पाश्चात्त्यांपेक्षा दहाएक वर्षं आधी गाठतो आणि त्यात तंबाखू, मधुमेह आणि घराण्याचा वारसा यांचा मोठा हात असतो, हे मला तेव्हा डॉक्टरांकडून कळलं.

आता क्षमायाचना. काही निवासांत गरम पाणी सकाळी सातपर्यंतच मिळेल. पिशव्या उशिरा आल्या, पेनं अजून यायची आहेत. गाड्या लावायला जागा अपुरी आहे. आणि जेवणात जिलेबी आहे. आचारी ऐकला नाही. हळद व्यापारी, द्राक्ष बागायतदार, औषध विक्रेते, ज्यांनी मंगल कार्यालय भाडं न घेता दिलं ते मालक आणि नाव न सांगण्याच्या अटीवर ज्यांनी दोन्ही वेळच्या चहाचा खर्च उचलला ते सद्गृहस्थ, या सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचं नाव फलकावर राहिलं असेल, तर संध्याकाळपर्यंत लिहून घेऊ.

एकच विनंती. उद्या दहा वाजता याच मांडवात यार्डातली आणि कॉलेजातली पोरं येणार आहेत. छातीत दुखलं तर सोड्याची बाटली शोधायची नाही, आधी दवाखाना गाठायचा, हे त्यांना साध्या मराठीत सांगायला आपल्यापैकी दोघा-तिघांनी थांबावं. नावं नोंदणीच्या टेबलावर द्यावीत.