खिडक्यांवरचे बाहुले



संगणकाच्या पडद्यावर कामाची जी चौकट उघडते, तिला खिडकी म्हणतात. या खिडक्यांमध्ये वावरणारे एक बाहुले असते. आहे ते व्हिडिओ गेममधलेच, पण त्याला स्वतःचे मैदान नाही. हिशेबाच्या खिडकीचा वरचा काठ हीच त्याची जमीन. बाणांच्या कळा दाबा, ते धावते, एका खिडकीवरून दुसरीवर उडी घेते. त्याचा प्रोग्रॅम क्षणोक्षणी यंत्राला विचारत असतो, कोणती खिडकी कुठे आहे, केवढी आहे? उत्तर येईल तशी जमीन ठरते. कारकुनाने खिडकी मिटली की बाहुले खाली कोसळते. पायांखालची जमीन जाणे म्हणजे काय, हे १९९३ नंतर किल्लारीला कोणी शिकवायला नको. बाहुल्याचे बरे आहे, ते लगेच उठून चालू लागते.

युनियनच्या माणसाला हा पोरखेळ कशाला, असे तुम्ही म्हणाल. सांगतो. १९९० साली मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ कचेऱ्या-कचेऱ्यांत शिरला. तो लिहिला वेस चेरी नावाच्या, तिथे उमेदवारी करणाऱ्या तरुणाने. रॉयल्टी म्हणून त्याला छदामही मिळाला नाही. त्याने खेळात एक कळ ठेवली होती. साहेब आला की ती दाबायची, पडद्यावर कामाचा देखावा हजर! कंपनीने ती कळ काढायला लावली. खेळ ठेवला, लपायची जागा तेवढी काढली. पुढे २००६ साली न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांनी एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर हाच खेळ पाहिला आणि त्याला नोकरीवरून काढले.

आता, दवाखान्यात केसपेपरसाठी रांग लागली असताना बाहुले उडवत बसणारा कारकून माझ्या युनियनचा असला, तरी त्याची बाजू मी घेणार नाही. पण १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली, ती काही मालकांच्या दयेने नव्हे. यंत्रापुढे माणूस थकतो, हे कायद्याला मान्य करावे लागले. पडद्यासमोरच्या माणसाला जेवणाची सुट्टी आहे. मधल्या पाच मिनिटांसाठी मात्र त्याला चोरासारखे इकडेतिकडे पाहावे लागते. डोळे तर त्याचेही शिणतात.

इथे संगणकावर काम करणारी मुले-मुली बसली आहेत. पुढच्या करारात ही पाच मिनिटे लिहून घ्या. मग त्यांत बाहुले नाचवा, चहा प्या, नाहीतर डोळे मिटून बसा. ते साहेबाने विचारायचे कारण नाही.