प्रबंधाचे दिवस

एखाद्याच्या नांवामागें ‘डॉक्टर’ हीं तीन अक्षरें दिसलीं, म्हणजे त्याच्या विद्वत्तेचें कौतुक सारेच करतात. परंतु तीं मिळवितांना त्यानें काय खाल्लें आणि त्याच्या घरच्यांनीं कसे दिवस काढले, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० सालीं रुपयावरील प्रबंध लिहिण्यासाठीं दुसऱ्यांदा लंडनला गेले. त्या दिवसांची हकीकत मोठी बोलकी आहे.

पहिल्या खेपेचा अभ्यास १९१७ सालीं शिष्यवृत्ति संपल्यामुळें अर्धाच राहिला होता. त्यांतच महायुद्ध चाललेलें. परततांना त्यांचीं पुस्तकें ज्या बोटीवर होतीं, ती शत्रूनें बुडविली. पुढें मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजांत अध्यापकी करून त्यांनीं पैसा जमविला. शाहू महाराजांचें साहाय्य मिळालें, एका पारशी मित्रानें कर्ज दिलें. एवढ्या शिदोरीवर लंडन गांठावयाचें होतें.

तेथील दिनक्रम चरित्रकारांनीं लिहून ठेवला आहे. सकाळीं चहा, मुरंबा लावलेला पावाचा तुकडा आणि थोडा मासा एवढें खाऊन ब्रिटिश म्यूझियमचें वाचनालय गांठावयाचें. दुपारच्या जेवणाला फांटा. जाणें-येणें शक्यतों पायीं. वाचनालय बंद होईपर्यंत टिपणें काढावयाचीं आणि खोलीवर परतून पुन्हा पुस्तक उघडावयाचें. घरमालकीण जेवण वाढण्यांत हात राखणारी होती. (अशा मालकिणी पुण्यांतहि पुष्कळ!) रात्रीं दहाच्या सुमारास भूक लागे. मग एका परिचितानें दिलेले पापड पत्र्यावर भाजून खावयाचे, वर कपभर दूध, आणि पहांटेपर्यंत वाचन. प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरील ज्या दहा नंबरच्या घरांत ते राहिले, तें महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं विकत घेतलें. आज तेथें स्मारक आहे.

इकडे परळच्या चाळींत, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, रमाबाई संसार रेटीत होत्या. मागें ठेवलेला पैसा पुरवून पुरवून वापरावयाचा, लेंकराचें दुखणें-खुपणें पाहावयाचें, आणि पतीच्या पत्राची वाट पाहावयाची. प्रबंधाचीं पानें लंडनांत वाढत होतीं. त्यांचा खर्च मात्र दोन घरांत पडत होता.

गंमत अशी, कीं प्रबंधाचा विषयहि हाच होता. सरकारी धोरणानें रुपयाची किंमत खालावली, कीं महागाईचा मार गरिबाला बसतो. म्हणून रुपयाची खरेदीची शक्ति स्थिर राहिली पाहिजे, असें त्यांचें प्रतिपादन. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला तें पुस्तकांतूनच कळलें असेल, असें मानणें कठीण आहे.

ऑक्टोबर १९२२ मध्यें प्रबंध सादर झाला. मार्च १९२३ मध्यें परीक्षकांनीं तो दुरुस्तीसाठीं परत केला. इंग्रजी कारभारावरील टीका त्यांना फार तिखट वाटली, असें सांगतात. सारा जन्म मुलांच्या वह्या तपासण्यांत घालविलेल्या शिक्षकालाहि त्या परत आलेल्या बाडाचें ओझें कळेल. लंडनांत राहावयास पैसा उरला नव्हता. आंबेडकर मुंबईस आले. निष्कर्ष तेच ठेवून भाषा तेवढी सौम्य केली, आणि तें लिखाण पुन्हा विलायतेस धाडलें. वर्षअखेर पदवी मिळाली व पुस्तकहि छापून निघालें.

तें पुस्तक त्यांनीं आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केलें. रमाबाई १९३५ सालीं वारल्या. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ १९४० सालीं निघाला, तेव्हां त्याच्या अर्पणपत्रिकेंत ‘रामू’ हें त्यांचें घरगुती नांव आलें. आणि त्याखालीं त्या ओढगस्तीच्या दिवसांचा उल्लेख.