नापास चाचणी पुसू नका
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



परीक्षा फक्त मुलेच देतात, असे आपण समजतो. परंतु संगणकाचा प्रोग्रॅमही परीक्षा देतो. चांगला प्रोग्रॅम लिहिणारा माणूस त्याच्यासोबत लहान लहान चाचण्या लिहून ठेवतो. अमुक आकडे दिले तर अमुक उत्तर आले पाहिजे, एवढेच त्यांत असते. 1987 साली लॅरी वॉल यांनी ‘पर्ल’ ही संगणकभाषा प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या पहिल्या आवृत्तीबरोबरच अशा चाचण्या होत्या. ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’, असा त्यांचा शेरा असे.

आता आमच्या मुलांची हकीकत ऐका. अकरावीच्या मुलांनी सी भाषेत निकाल मोजण्याचा प्रोग्रॅम केला आणि 12 चाचण्या लिहिल्या. विंडोजच्या संगणकावर बाराही पास. तोच प्रोग्रॅम फायलींसह लिनक्सच्या संगणकावर नेऊन चालवला, तर 3 नापास! दुसऱ्याच दिवशी तो पालकांना दाखवायचा होता. एक मुलगा म्हणाला, “सर, या तीन चाचण्या काढून टाकू या. कोणाला कळणार आहे?” मी क्षणभर ‘बरं’ म्हणणारच होतो, हे येथे कबूल करतो.

पण आम्ही शोधायला बसलो. पहिली चूक आधी वाचली, कारण पुढच्या चुका पुष्कळदा पहिलीच्याच पोटी जन्मतात. संदेश होता, ‘फाइल सापडत नाही.’ फाइल तर समोर होती! मग ध्यानात आले. फाइलच्या नावात पहिले इंग्रजी अक्षर मोठे होते, प्रोग्रॅममध्ये तेच लहान लिहिले होते. विंडोज सहसा हा भेद मानत नाही, लिनक्स मानते. नाव दुरुस्त करताच तीनपैकी दोन चाचण्या पास झाल्या.

उरली एक. नमुन्याच्या यादीत 5 विद्यार्थी उत्तीर्ण होते. प्रोग्रॅम म्हणे, शून्य! तेवढीच चाचणी पुन्हा चालवून प्रत्येक ओळीची लांबी छापली. प्रत्येक ओळ एका अक्षराने जास्त निघाली. वडीलधाऱ्यांना टाइपरायटर आठवत असेल. ओळ संपली की गाडा मागे ढकलावा लागे आणि कागद वर सरके. या दोन क्रियांची दोन चिन्हे विंडोज ओळीच्या शेवटी ठेवते, लिनक्स एकच ठेवते. विंडोजवर तयार झालेल्या यादीतले जादा चिन्ह लिनक्सवर ‘पास’ या शब्दाला चिकटून राहिले. डोळ्यांना ते दिसेना, पण संगणकाच्या लेखी तो शब्द ‘पास’ नव्हता. ते चिन्ह गाळण्याची सोय केली आणि दोन्ही संगणकांवर बाराही चाचण्या पुन्हा घेतल्या. सर्व पास.

विचार करा, ती चाचणी पुसली असती तर काय झाले असते? उत्तीर्ण झालेली मुले आमच्या यादीत अनुत्तीर्ण ठरली असती!

विद्यार्थी मित्रांनो, एवढे लक्षात ठेवा. संदेश पूर्ण वाचा. नापास झालेली चाचणी एकटी चालवून पाहा. दोन संगणकांत काय फरक आहे, ते कागदावर लिहा. एका वेळी एकच बदल करा. दोष कधी प्रोग्रॅममध्ये असतो, कधी खुद्द चाचणीत, तर कधी भोवतालच्या व्यवस्थेत. ‘माझ्याकडे तर चालते’ हे उत्तर नव्हे, ती शोधाची सुरुवात आहे.

आणि पालकांना एक विनंती. कमी गुणांची प्रगतिपत्रिका मूल अब्बांपासून लपवते, तेव्हा तेही नापास चाचणी पुसतच असते. “किती मिळाले?” या प्रश्नाआधी “बेटा, कुठे अडले?” असे विचारून पाहा. दोष कळला, तर तो दूर करता येतो. लपवलेला दोष मात्र मुलाबरोबरच वाढत जातो.