साखरेचा आजार तरण्याताठ्यांच्या घरात
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भाताच्या भावावर आणि जमिनीच्या मोबदल्यावर बोलायच्या बैठकीत मधुमेहाचा विषय कशाला, असे काहीजण विचारतील. उत्तर सोपे आहे. उत्पादन खर्च काढताना आपण बियाणे धरतो, खत धरतो, मजुरी धरतो. पण शेतात उभा असलेला माणूस आणखी किती वर्षे उभा राहील, हे कोणीच धरत नाही. आम्ही शेतकी शिकलो, डॉक्टरकी नव्हे. पण पिकावर रोग कोणत्या वयात शिरतो, हे पाहण्याची आमच्या डोळ्यांना सवय आहे. आज तीच नजर माणसाकडे वळवू.

आधी आकडे. १९७२ ते १९७५ या काळात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशात पाहणी केली. तेव्हा शहरात शंभरात दोन आणि खेड्यात दीड, एवढेच मधुमेही होते. २००० सालच्या शहरी पाहणीत मुंबईचा आकडा ९.३ टक्के निघाला. २००८ नंतर परिषदेनेच राज्याराज्यांत मोठी पाहणी केली. तिच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राच्या शहरांत १०.९ आणि खेड्यांत ६.५ टक्के प्रौढ मधुमेही आढळले. सगळी राज्ये मिळून निष्कर्ष २०२३ साली आले: देशात ११.४ टक्के, म्हणजे सुमारे दहा कोटी माणसे. या पाहण्यांची पद्धत आणि वयाची अट सारखी नाही, म्हणून आकड्यातून आकडा वजा करू नका. दिशा बघा.

त्याच अहवालातली एक गोष्ट आपल्यासाठी फार मोलाची आहे. मधुमेह शहरात १६.४ टक्के आणि खेड्यात ८.९ टक्के, म्हणजे जवळपास निम्मा. ‘खेड्याची हवा चांगली’ म्हणून आपण खूश होऊ. पण जे मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत, ज्यांची साखर वाढू लागली आहे, त्यांचे प्रमाण बघा. शहरात १५.४ आणि खेड्यात १५.२. इथे शहर आणि खेडे यांत फरकच उरलेला नाही. डोंबिवलीच्या इमारतीतला माणूस आणि मुरबाडच्या पाड्यातला माणूस एकाच रांगेत उभे आहेत. पुढे कोण ढकलला जातो, एवढाच प्रश्न आहे.

आता वयाचा मुद्दा. वय वाढते तसा मधुमेह वाढतो, हे जगभर खरे आहे. प्रश्न चढ कुठे सुरू होतो, हा आहे. आपल्याकडे तो २५ ते ३४ या वयोगटातच सुरू होतो. गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याला हा आजार साधारण दहा वर्षे आधी गाठतो. याचा अर्थ काय? पासष्टीला मधुमेह झालेला म्हातारा आणि तिशीत झालेला त्याचा मुलगा यांचा आजार सारखा नाही. डोळे, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा खराब होतात, त्या साखर किती वर्षे चढी राहिली यावर. मुलापुढे तीस-पस्तीस वर्षे आहेत, आणि तीच त्याची कमाईची वर्षे. घरातला बैल ऐन नांगरटीत बसावा, तसे हे आहे.

‘आम्ही तर काटक, पोट सुटलेल्यांचा रोग आम्हाला कशाला होईल?’ हा भ्रमही सोडा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण वजनाने कमी असूनही आपल्या बाळाच्या अंगात चरबी त्या मानाने जास्त आणि स्नायू कमी. ज्या आयांच्या पोटात पालेभाजी, दूध, फळे गेली, त्यांची बाळे मोठी निघाली. म्हणजे रोगाचे बी आईच्या उपासमारीत पेरले जाते आणि मुलाच्या तिशीत उगवते.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. आईने आवणीच्या चिखलात वाकून काढलेले दिवस, त्यात जन्मलेले हलके बाळ. ते मोठे झाले तेव्हा जमीन कल्याण-डोंबिवलीच्या वाढीत, नाहीतर महामार्गात गेली. पोरगा आसनगाव-टिटवाळ्याहून लोकल पकडतो, दिवसभर बसून काम करतो, स्टेशनवर वडापाव खातो आणि रात्री दहाला ताटभर भात. भात तोच आहे. तो जिरवणारे कष्ट गेले.

म्हणून भात सोडून नागली खा, म्हणजे झाले, असे कोणी सांगेल. आम्ही नागलीचे दुश्मन नाही. पण परिषदेचाच २०२५ चा अभ्यास सांगतो की आपल्या जेवणात ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांची आहे, आणि तांदळाच्या जागी नुसते दुसरे पीठ आणून धोका कमी होताना दिसत नाही. त्यातला काही भाग डाळ-कडधान्य-दुधाने भरला तर फरक पडतो. आणि आपण काय करतो? दूध डेअरीला, वाल-मूग बाजाराला, पालेभाजी कल्याणच्या मार्केटला. घरात भात आणि डाळीचे पाणी. अन्नसुरक्षेच्या कायद्याने धान्याची हमी दिली, डाळीची नाही. ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

गावोगाव करायची कामे चार.

एक : तिशीपासून तपासणी हा सरकारी कार्यक्रमच आहे. आशाताईंकडे नाव लावा, प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासा. घरात आई-बापाला आजार असेल तर पंचविशीतच डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त साखर आली तर तपासणी पुन्हा करून घ्या.

दोन : गरोदर सुनेची साखर तपासा आणि तिच्या ताटात आधी भाजी, डाळ, दूध वाढा.

तीन : मधुमेह असलेल्याने अनवाणी चिखलात उतरू नये. नसा बधिर झाल्या की काटा टोचलेला कळत नाही, आणि त्याच जखमेतून पाय जातो. रोज रात्री पाय धुऊन तळवे बघा.

चार : बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नका. झाडपाल्याच्या भरवशावर तर मुळीच नाही.

भावांनो, मोबदला मिळेल, भावही एक दिवस मिळेल. तो घ्यायला हात-पाय-डोळे शाबूत असले पाहिजेत. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एकच आकडा आणावा : तिशीच्या वरची माणसे किती आणि त्यातल्या किती जणांची साखर तपासली. तिथून काम सुरू करू.