फिजिक्स घेऊन मुलगी काय होणार?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरून पाहुण्या बोलावतो. यंदा कार्यकारिणीने घरच्याच बाईला उभे केले आहे. लोणच्याच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसायची मला सवय आहे, व्यासपीठावरून बोलायची नाही. वर्गात चौतीस वर्षे बोलले, पण तिथे समोरच्यांना उठून जाता येत नसे. तुम्हांला जाता येते, म्हणून थोडक्यात आटोपते.

आजचा विषय मी शोधलेला नाही. तो माझ्याकडे चालत आला. गेल्या उन्हाळ्यात भिशीच्या दिवशी आपल्यातल्याच एक भगिनी चहाचा कप खाली ठेवून मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही फिजिक्सच्या. आमच्या मुलीला जरा समजवा. इंजिनिअरिंगला सहज मिळेल इतके गुण आहेत, आणि ही म्हणते बी.एस्सी.च करणार, फिजिक्स घेऊन. त्यातून काय होणार हो तिचं?"

मी "सांगते" म्हटले, आणि महिनाभर काही सांगितले नाही. त्यांना वाटले असेल, बाई विसरल्या. विसरले नव्हते. असाच प्रश्न मला १९९१ साली एका आईने विचारला होता, आणि तेव्हा दिलेले उत्तर अजून मला सलते आहे.

त्या बाईंची मुलगी माझ्या दहावीच्या वर्गात होती. तास संपला तरी ती टेबलाशी रेंगाळायची. एकदा तिने विचारले, "बाई, उन्हाळ्यात माठातलं पाणी इतकं गार होतं, मग पावसाळ्यात का नाही होत?" मी तिला सांगितले की माठातून पाझरलेले पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जाते, आणि पावसाळ्यात हवाच ओलसर असल्यामुळे ते वाळत नाही. दुसऱ्या दिवशी ती ओल्या फडक्याचे दोन प्रयोग करून आली. अशा मुलीची आई मला विचारायला आली, "हिला सायन्सला घालू का?" माझ्या समोर तपासायच्या वह्यांचा ढीग होता, डोके दुखत होते. मी म्हटले, "घालून काय करणार? मी फिजिक्सच शिकले ना? खडू झिजवते आहे. कॉमर्सला घाला, बँकेत लागेल."

ती कॉमर्सला गेली, बँकेत लागली, अधिकारी झाली. तिचे सगळे छान आहे. पंचवीस वर्षांनी एका लग्नात ती मला भेटली, वाकून नमस्कार केला आणि हसत म्हणाली, "बाई, माठाचं उत्तर अजून पाठ आहे. पुढचे प्रश्न मात्र कुणाला विचारले नाहीत." तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच मला घास गिळवेना.

म्हणून या वेळी ठरवले की चौकशी केल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. आमच्या वेळी या विषयाला पुष्कळ जण पदार्थविज्ञान म्हणत. आता भौतिकशास्त्र म्हणतात. १९७६ साली तो विषय घेऊन आम्ही सहा मुली बी.एस्सी. झालो. सहाही जणींना गुण उन्नीस-बीस होते. त्या पाच जणींचे पत्ते शोधून काढले आणि एकेकीला फोन केला.

पहिली एम.एस्सी. झाली. नंतर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एक वर्षाचा अभ्यासक्रम करून कर्करोगाच्या रुग्णालयात लागली. आपल्यापैकी काही जणींनी घरच्या माणसाला 'शेक' द्यायला नेऊन त्या विभागाबाहेरच्या बाकावर दिवस काढले आहेत. आत डॉक्टर असतात हे आपल्याला ठाऊक असते. पण किरण किती द्यायचे, कोणत्या बाजूने द्यायचे, म्हणजे गाठीला पुरे पडतील आणि शेजारच्या निरोगी भागाला कमीत कमी लागतील, याचे गणित मांडायला पदार्थविज्ञान शिकलेले माणूस लागते. रुग्ण येण्यापूर्वी यंत्र बरोबर माप देते आहे की नाही हेही तेच पाहते. ती मला म्हणाली, "डॉक्टर रोग पाहतात, मी माप पाहायची. माप चुकलं तर डॉक्टरांच्या हातात काही उरत नाही."

दुसरीही एम.एस्सी. झाली आणि पुण्याला हवामान खात्यात लागली. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुण्याचे लोक सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली ते खाते सिमल्याहून तिथे आले.

तिसरी संगणकाकडे वळली. पदवीनंतर दोन वर्षे मामाकडे मुंबईत राहून संध्याकाळचे वर्ग केले आणि प्रोग्राम लिहायला शिकली. त्या काळी आम्हां कुणाला तो शब्दही माहीत नव्हता.

चौथी परीक्षा देऊन बँकेत गेली. तिने साफ सांगितले, "फिजिक्स एक दिवस उपयोगी पडलं नाही. पण प्रॅक्टिकलला सरांनी एक शिकवलं होतं, उत्तर जुळत नसेल तर आकडा बदलायचा नाही, चूक शोधायची. त्या सवयीवर तीस वर्षं काढली."

पाचवीचे लग्न पदवीच्या परीक्षेनंतर पंधरा दिवसांत झाले. यजमानांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान होते. ते आजारी पडले तेव्हा हिने तारेचे वेढे मोजायला सुरुवात केली, आणि पुढे बारा वर्षे दुकान चालवले. मी म्हटले, "म्हणजे फिजिक्स कामी आलं की!" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आलं. पण एम.एस्सी.चा फॉर्म मी भरून ठेवला होता. तो कुठे गेला, हे आजवर कुणी विचारलं नाही. तूच पहिली."

सहावी मी. वडिलांनी सांगितले, एक वर्ष देतो, त्यात होईल ते कर. त्या वेळी बी.एड. एका वर्षाचे होते, म्हणून मी शिक्षिका झाले. शिकवायला मला आवडले, ते खोटे नाही. पण आवड पाहून मी बी.एड. केले नव्हते, कॅलेंडर पाहून केले होते.

भगिनींनो, पाच फोन झाल्यावर मी ते एका कागदावर लिहून काढले, आणि शिक्षिकेच्या सवयीने समोर रकाने पाडले. गुण सारखे, कॉलेज एक, शिकवणारे सर तेच. फरक एकाच रकान्यात होता. पदवीनंतर घराने मुलीला किती वर्षे दिली? जिला दोन-तीन मिळाली ती विषयाच्या जवळ राहिली, किंवा आपल्या पसंतीने दुसरीकडे गेली. जिला एक मिळाले ती एका वर्षात बसेल तिथे बसली. जिला पंधरा दिवस मिळाले तिची कथा तुम्ही ऐकलीत.

सिमला ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीने मला अण्णा मणी यांच्याविषयी सांगितले. ती लागली तेव्हा त्या नुकत्याच, १९७६ साली, उपमहासंचालक होऊन निवृत्त झाल्या होत्या. जन्म १९१८ चा, केरळातल्या पीरमेडचा. घरच्या रीतीप्रमाणे आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या मिळायच्या होत्या. या मुलीने त्याऐवजी ज्ञानकोशाचे खंड मागून घेतले. गंमत अशी की, मद्रासला पदार्थविज्ञानाची पदवी घेतल्यावर १९४० साली त्या बंगलोरला सर चंद्रशेखर रामन यांच्याकडे संशोधनाला गेल्या, आणि तिथे त्यांच्या वाट्याला हिरेच आले! तीसहून अधिक हिऱ्यांतून निघणाऱ्या प्रकाशाचा त्यांनी अभ्यास केला. एकेक छायापट्टी मिळायला पंधरा-वीस तास लागत. पाच निबंध प्रसिद्ध झाले, प्रबंध लिहून झाला, पण एम.एस्सी. नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट दिली नाही.

१९४५ साली त्या शिष्यवृत्ती घेऊन इंग्लंडला निघाल्या. मनात पदार्थविज्ञान होते. मिळाले हवामानाच्या उपकरणांचे शिक्षण. त्यांनी ते मन लावून घेतले. १९४८ साली पुण्याच्या कचेरीत रुजू झाल्या, तेव्हा आपल्याकडची साधीसाधी उपकरणेसुद्धा परदेशातून येत असत. त्यांनी शंभरेक उपकरणांचे नकाशे पक्के करून ती इथेच बनवायची व्यवस्था लावली. १९५७-५८ मध्ये देशात ठिकठिकाणी ऊन मोजायची केंद्रे उभारली, आणि १९८० साली भारतातल्या उन्हाच्या आकड्यांचा ग्रंथ सिद्ध केला. आज आपल्या गच्च्यांवर उन्हाची वीज करणाऱ्या काळ्या पाट्या बसतात. कुठे किती ऊन पडते हे आधी कुणीतरी मोजावे लागते. ते मोजायची घडी या बाईंनी घालून दिली.

त्यांच्या आधी बंगलोरच्या त्याच संस्थेचे दार आपल्या कमला सोहोनी यांनी ठोठावले होते. माहेरच्या त्या भागवत, दुर्गाबाईंच्या भगिनी. मुंबई विद्यापीठात रसायन मुख्य आणि जोडीला पदार्थविज्ञान घेऊन त्या पहिल्या आल्या. १९३३ साली रामन यांनी "मुलींना घेत नाही" म्हणून नकार दिला. त्या तिथून हलल्या नाहीत. शेवटी एक वर्ष अजमावून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. ते वर्ष त्यांनी असे काढले की पुढे मुलींना तिथे वाव मिळू लागला. १९३९ साली त्या केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या, आणि पुढे मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालक. दोघींची बुद्धी मोठी होती, हे खरेच. पण त्यांच्या पाठीशी वेळही होता, हे आपण विसरू नये.

वाट बदलली म्हणजे शिक्षण फुकट गेले, असेही समजू नका. आपले माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम १९५४ साली तिरुचिरापल्लीला पदार्थविज्ञानाचे पदवीधर झाले, आणि मग त्यांच्या ध्यानात आले की आपला विषय हा नव्हे. ते विमानविद्येकडे वळले. जर्मनीच्या अँगेला मेर्केल यांनी लायप्झिगला पदार्थविज्ञान शिकून संशोधन केले, आणि २००५ ते २०२१ अशी सोळा वर्षे देशाचा कारभार पाहिला.

आता व्यवहाराचे सांगते, कारण नुसत्या थोरांच्या गोष्टींवर मुलीला पाठवू नये. नुसत्या बी.एस्सी.वर फारसे मिळत नाही, हे आधीच समजून असावे. बँकेच्या आणि सरकारी परीक्षा कुठल्याही पदवीधराला खुल्या आहेत. हवामान खात्याच्या सहायकांच्या परीक्षेला तर पदवीला पदार्थविज्ञान असलेली मुले बसतात. शिक्षिका व्हायचे तर बी.एड. आता दोन वर्षांचे आहे. एम.एस्सी.साठी आय.आय.टी.त जायचे तर जॅम नावाची परीक्षा द्यावी लागते. रुग्णालयात जायचे तर एम.एस्सी.वर एक वर्षाची पदविका, आणि त्यानंतर रुग्णालयात उमेदवारी. संशोधन करायचे तर पाच-सहा वर्षे शिष्यवृत्तीवर राहावे लागते, आणि त्यापुढेही कायमची जागा लगेच मिळेल असे नाही. हे कुणी लपवू नये.

आणि हे सगळे दूर देशी आहे असेही नाही. नारायणगावाजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर रुंदीच्या तीस थाळ्या आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपत आहेत. औंढा नागनाथाला आपली सहल गेली होती. त्याच औंढ्याला चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा व्हायची आहे, तिला २०२३ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली. तिथे काम करायला माणसे लागतील. त्यांत आपल्या गल्लीतली एखादी का नसावी?

महिन्यानंतर मी त्या भगिनींच्या घरी गेले. मुलगीही होती. माझा रकान्यांचा कागद दोघींसमोर ठेवला आणि आईला म्हटले, "मुलीचं काय होणार हे मला सांगता येत नाही. तुम्ही मला सांगा, पदवीनंतर तिला किती वर्षं देणार?" त्यांनी यजमानांकडे पाहिले. यजमान कागद हातात घेऊन बराच वेळ वाचत होते. पाचव्या ओळीवर त्यांचे बोट थांबले, ते मी पाहिले. ते म्हणाले, "तीन देऊ. पण तिनंही लिहून द्यावं, तीन वर्षांत ती काय काय करून पाहणार ते." मुलीने त्याच कागदामागे लिहून दिले. तो कागद आता त्यांच्या देवघराच्या फळीवर आहे, आणि मुलगी कॉलेजात. पुढचे तिच्या हाती.

माझ्याकडून मंडळाला एक देणे लागते, ते आज जाहीर करते. दर शनिवारी चार वाजता माझे दार उघडे राहील. ज्या मुलामुलींना माठाचा, कुकरचा, इंद्रधनुष्याचा प्रश्न पडला असेल त्यांनी यावे. मला उत्तर आले नाही तर आपण मिळून शोधू. वह्या तपासायच्या आहेत म्हणून आता मी कुणाला परत पाठवणार नाही.

स्वयंपाकघरातून चहाचा वास येऊ लागला आहे, तेव्हा हे चार शब्द इथेच पुरे करते.