मादाम बोवारी नेमकी कोण?

मैत्रिणींनो, गुस्ताव फ्लोबेरची ‘मादाम बोवारी’ १८५७ साली पुस्तकरूपाने आली. नवऱ्याला कंटाळलेली, प्रेमात फसलेली, कर्जात बुडून विष घेणारी एमा आपण ऐकून असतो. मी आज तिची गोष्ट सांगत बसणार नाही. ‘मादाम’ या एकाच शब्दाचा माग काढायचा आहे. मादाम म्हणजे आपलं ‘सौ.’च म्हणा ना; फरक इतकाच, की विधवा झाल्यावरही तो सुटत नाही.

कादंबरीत भेटणारी पहिली मादाम बोवारी एमा नव्हेच. ती शार्लची आई. दुसरी त्याची पहिली बायको, एलोईझ. पंचेचाळिशीची विधवा, आईनेच उत्पन्न बघून करून दिलेली. तिला लेखक ‘धाकटी मादाम बोवारी’ म्हणतो! ती मरते, जागा रिकामी होते, मग एमा येते. सासरच्या खोलीत तिला पहिलीचा लग्नातला पुष्पगुच्छ तसाच ठेवलेला दिसतो. शार्ल तो माळ्यावर नेतो. आपण मेलो तर आपल्या गुच्छाचं काय करतील, असं तिच्या मनात येतं.

हे नाव तुझं नाही, दुसऱ्याचं आहे, असं तिला तोंडावर सांगतो तो रोदोल्फ. कशासाठी? तिला नादी लावायला. मला ही जागा सर्वांत बोचते. आपल्या मनातलं खरं बोलणं, आणि ते बोलणारा असा!

मान शब्दापुरताच होता. बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी, असं १८०४च्या नेपोलियन संहितेत कलमच होतं. घटस्फोट १८१६ ते १८८४ बंद होता. उधारीवर माल देणारा कापडवाला एमाला नवऱ्याकडून मुखत्यारपत्र घ्यायला सुचवतो. म्हणजे सहीची मोकळीक मिळाली, ती कर्जात रुतायला. नवऱ्याच्या संमतीविना नोकरी करायला, बँकेत खातं उघडायला फ्रान्सच्या विवाहितेला १९६५ साल उजाडावं लागलं. सरकारी फॉर्मवरचं कुमारिकेचं ‘मादम्वाझेल’ तर २०१२मध्ये गेलं.

तो शब्दही कादंबरीच्या शेवटी येतो. एमामागून शार्लही जातो. सगळं विकून १२ फ्रँक ७५ सांतीम उरतात. त्यात ‘मादम्वाझेल बोवारी’चा आजीकडे जायचा खर्च भागतो. ही एमाची लहानगी बर्थ. आजीही त्याच वर्षी मरते. मग नात्यातली एक गरीब बाई तिला सांभाळते, आणि पोट भरायला सूतगिरणीत पाठवते.